पूल वळतो तेव्हा
(सामान्य काळातील तेरावा रविवार, वर्ष ब : मार्क ५:२१-४३)



आजच्या शुभवर्तमानात एक बाप घाईत आहे. याईर हे त्याचे नाव. तो सभास्थानाचा अधिकारी आहे, गावात त्याला मान आहे. पण आज तो मान बाजूला ठेवून येशूच्या पाया पडतो, कारण घरी त्याची लहान मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो. गर्दीतून वाट काढत दोघे चालले आहेत आणि अर्ध्या वाटेत येशू थांबतो. कोणीतरी त्याच्या वस्त्राला स्पर्श केला आहे आणि तो कोणी केला हे त्याला जाणून घ्यायचे आहे. शिष्यांना हे चमत्कारिक वाटते. एवढ्या रेटारेटीत कोणाकोणाचा धक्का लागला हे कसे सांगायचे? पण येशू जागचा हलत नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री थरथरत पुढे येते आणि संत मार्क सांगतो की तिने त्याला सर्व काही खरे खरे सांगितले. सर्व काही! बारा वर्षांचे दुखणे, वैद्यांवर घालवलेला सारा पैसा, आणि एवढे करून आजार वाढलाच ही कहाणी. आपल्या गावच्या आजीबाई आपले दुखणे सांगायला बसल्या की किती वेळ लागतो ते आपल्याला ठाऊक आहे. दोन मिनिटांत ती कथा आटोपत नाही.

त्या सगळ्या वेळात याईर तिथे उभा आहे. त्याच्याबद्दल शुभवर्तमानात एक शब्दही नाही. तो रागावला का, रडला का, येशूच्या बाहीला धरून ओढू लागला का, काहीच सांगितलेले नाही. ही ओवी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझे लक्ष त्या गप्प उभ्या असलेल्या बापाकडे जाते.

याईरच्या त्या थांबण्याचा विचार करताना मला एका पुलाची आठवण होते. इंग्लंडच्या उत्तरेला टाईन नावाची नदी आहे. तिच्या एका काठावर न्यूकॅसल शहर आणि दुसऱ्या काठावर गेट्सहेड. या ठिकाणी माणसे फार जुन्या काळापासून नदी ओलांडत आली आहेत. रोमन लोकांनी सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे इ.स. १२२ च्या सुमारास, येथे पूल बांधला आणि त्याला सम्राटाच्या घराण्याचे नाव दिले. त्यानंतर मध्ययुगात दगडी पूल आला. त्या पुलावर घरे होती, दुकाने होती, आणि शहराकडच्या टोकाला एक छोटे चॅपल होते, कँटरबरीचे हुतात्मा संत थॉमस यांच्या नावाचे. त्या काळी पूल बांधणे आणि तो दुरुस्त ठेवणे हे पुण्यकर्म मानले जाई. प्रवासी पूल ओलांडण्यापूर्वी चॅपलमध्ये डोके टेकवत असतील आणि पुलासाठी दोन पैसे टाकत असतील, अशी मी कल्पना करतो. पोप महोदयांच्या लॅटिन पदवीचा मूळ अर्थही ‘पूल बांधणारा’ असा सांगितला जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. असो.

१७७१ च्या नोव्हेंबर महिन्यात एका रात्री टाईन नदीला महापूर आला आणि तो पूल कोसळला. १७८१ मध्ये नवा दगडी पूल उभा राहिला. भक्कम होता, सुंदर होता, पण त्याच्या कमानी बुटक्या होत्या. त्यांच्याखालून मोठी जहाजे जाऊ शकत नव्हती. रस्त्याने जाणाऱ्यांना त्याची काहीच अडचण नव्हती. गाड्या, घोडे, बाजारकरी सगळे आरामात ये-जा करीत. पण नदीने येणाऱ्यांसाठी तो पूल म्हणजे एक भिंत होती. जे एकाला जोडत होते तेच दुसऱ्याला अडवत होते. बंधुभगिनींनो, हे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे. आपल्या धर्मग्रामातही अशा काही भक्कम आणि सुंदर गोष्टी आहेत, ज्यांच्यामुळे काहींची सोय होते आणि काही जण पलीकडेच अडकून राहतात. त्याकडे पुन्हा वळू.

शेवटी तो दगडी पूल पाडण्यात आला आणि त्याच जागी वेगळ्या तऱ्हेचा पूल बांधायचे ठरले. १८७३ मध्ये काम सुरू झाले. नदीच्या तळाशी काम चालले असताना रोमन काळातील एक दगडी वेदी हाती लागली, समुद्राच्या देवतेला अर्पण केलेली. पाण्यावरून सुखरूप पार होण्यासाठी माणसाने किती जुन्या काळापासून हात जोडले आहेत! १८७६ च्या जून महिन्यात रस्त्याच्या वाहतुकीसाठी पूल खुला झाला आणि १७ जुलैला तो पहिल्यांदा जहाजासाठी वळला.

होय, वळला. हा पूल वर उचलला जात नाही. तो आडवा फिरतो, जसे आपल्या वाडीचे लाकडी फाटक बिजागरीवर फिरते तसा. फक्त याची बिजागरी मध्यभागी आहे. नदीच्या मधोमध एक दणकट खांब, त्यावर २८१ फूट लांबीचा, बाराशे टनांहून अधिक वजनाचा लोखंडी पूल. दोन्ही बाजूंच्या भुजा सारख्या, तराजूच्या दांडीसारख्या. जहाज आले की रस्ता बंद करतात, पुलावर कोणी माणूस अगर गाडी राहिली नाही याची खात्री करतात, आणि मग संपूर्ण पूल काटकोनात फिरून नदीच्या प्रवाहाला समांतर होतो. त्याच्या दोन्ही अंगांनी जहाजांना वाट मिळते. जहाज गेले की तो परत आपल्या जागी येतो.

एवढे वजन फिरते कसे, हे मला नेहमी नवल वाटत आले आहे. विल्यम आर्मस्ट्राँग या कारखानदाराने त्यासाठी पाण्याचा उपयोग केला. पंपाने पाणी प्रचंड दाबाखाली साठवायचे, पूल फिरवायची वेळ आली की ते पाणी मध्यभागी खालून दाब देते आणि पुलाचा बराचसा भार स्वतःवर घेते. भार हलका झाला की उरलेले काम यंत्राला सोपे जाते. सुरुवातीला पंप वाफेवर चालत, १९५९ पासून ते विजेवर चालू लागले. सांगायचा मुद्दा असा की ढकलून तो पूल फिरत नाही. आधी त्याचे ओझे कोणीतरी खालून उचलावे लागते. कन्फेशनला येऊन गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्याच्या मनावरचा भार उतरलेला नाही त्याला कितीही उपदेश करा, तो दुसऱ्याकडे वळू शकत नाही.

पुलाच्या वर, अगदी मध्यभागी, घुमटीसारखी एक छोटी खोली आहे. पूल चालवणारा माणूस तेथे बसतो. त्याला तेथून रस्ताही दिसतो आणि नदीही दिसते. रस्त्यावरच्या माणसाला फक्त आपला रस्ता दिसतो. खलाशाला फक्त आपली नदी दिसते. दोघांनाही वाटत असणार की आपल्यालाच ताटकळत ठेवले आहे.

आता पुन्हा याईरकडे वळू.

त्या दिवशी येशूला दोघेही दिसत होते. याईरला फक्त आपली मुलगी दिसत होती, आणि त्याला कोण दोष देईल? आपल्या लेकराचा जीव जात असताना शेजारणीच्या जुनाट दुखण्याचा विचार कोण करील? शिवाय ती स्त्री कोण होती ते पाहा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे रक्तस्राव असलेली स्त्री अशुद्ध समजली जाई. तिने ज्याला स्पर्श केला तोही अशुद्ध. बारा वर्षे तिला उपासनेत स्थान नव्हते, माणसांत वावर नव्हता. आणि याईर तर सभास्थानाचा अधिकारी. नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्यांपैकी तो होता. त्याचे सभास्थान त्या बुटक्या कमानींच्या दगडी पुलासारखेच म्हणायचे. आतल्यांसाठी उत्तम सोय, पण या बाईसाठी भिंत. आज येशूने त्याच माणसाला भर रस्त्यात उभे केले आणि तिची सगळी कहाणी त्याच्या कानावर पडू दिली.

संत मार्क आणखी एक गोष्ट नोंदवतो, जी आपण वाचताना सहज सोडून देतो. याईरची मुलगी बारा वर्षांची होती. ती स्त्री बारा वर्षे आजारी होती. म्हणजे ज्या वर्षी याईरच्या घरी पाळणा हलला त्याच सुमारास या बाईच्या घराचा दरवाजा बंद झाला. एकाच्या आनंदाची बारा वर्षे, दुसरीच्या एकांतवासाची बारा वर्षे. येशू त्या स्त्रीला ‘मुली’ अशी हाक मारतो. एका मुलीसाठी धावत आलेल्या बापासमोर तो दुसऱ्या एका मुलीला हाक मारतो, जिच्यासाठी धावत येणारे कोणी नव्हते.

आपल्यापैकी काही जण आज याईरच्या जागी आहेत, हे मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला फिरताना मी तुमच्या घरी येऊन गेलो आहे. कोणाचा मुलगा महिनोन् महिने डायलिसिसवर आहे. कोणाच्या लग्नाला नऊ वर्षे झाली आणि घरात पाळणा नाही. तुम्ही प्रार्थना केली, नोवेना केल्या, नवस बोललात, आणि तुमच्या डोळ्यांसमोर शेजारच्या घरी कृपा झाली. तुम्ही मला विचारता, फादर, देव आमच्याकडे कधी वळणार?

त्या पुलाच्या काठावर गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची मी कल्पना करतो. आत्ता आत्तापर्यंत त्याच्या समोर रस्ता होता. आता रस्ता जिथे संपतो तिथे खाली काळे पाणी आहे. त्याला वाटेल, पूल गेला. पण पूल गेलेला नसतो. तो आहे तेथेच, त्याच खांबावर, अखंड, फक्त त्याचे तोंड दुसरीकडे आहे. हे मी तुम्हाला सांगू शकतो आणि ते खरे आहे. पण एवढ्यावर मी थांबलो तर तुमची फसवणूक होईल, कारण शुभवर्तमान एवढे सोपे नाही. याईर थांबलेला असतानाच घरून माणसे आली आणि म्हणाली की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? त्याच्या थांबण्याची किंमत त्याला खरोखरच मोजावी लागली. पुलाचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो. पुलापाशी थांबलेल्या माणसाचा फार तर अर्धा तास जातो.

येशूने त्या वेळी याईरला काय सांगितले? भिऊ नकोस, विश्वास धर, एवढेच त्याचे सार. का थांबलो याचा खुलासा केला नाही, क्षमाही मागितली नाही. तो फक्त त्याच्याबरोबर चालू लागला. घरापर्यंत. रडारड करणाऱ्यांच्या गर्दीतून आत, मुलीच्या खोलीपर्यंत. मला वाटते, ज्या घरांत मुलगी उठली नाही त्या घरांतही तो असाच शेवटच्या खोलीपर्यंत चालत गेलेला आहे. मी अशा घरांत बसलो आहे. त्यापेक्षा अधिक काही मला सांगता येत नाही.

आता त्या पुलाविषयीच्या दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली फारशी गोड नाही. १८७६ च्या जुलैमध्ये तो पूल पहिल्यांदा ज्या जहाजासाठी वळला, ते इटलीचे ‘युरोपा’ नावाचे जहाज होते आणि ते आर्मस्ट्राँगच्या कारखान्यातून शंभर टनांची तोफ नेण्यासाठी आले होते. त्याचा कारखाना पुलाच्या वरच्या अंगाला नदीकाठी होता. बुटक्या कमानी दूर झाल्याशिवाय मोठी जहाजे तेथवर पोहोचत नव्हती. म्हणजे एवढी अक्कल, एवढे श्रम, आणि पहिली वाट मिळाली ती तोफेला! ‘मन मोकळे ठेवा’ असे हल्ली सगळेच सांगतात. मोकळे ठेवा खरे, पण काय आत-बाहेर जाते आहे तेही पाहा. आमच्या काही घरांची दारे भावासाठी बंद आणि भावाविरुद्ध कान भरणाऱ्यासाठी सताड उघडी असतात.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. एके काळी तो पूल दिवसातून कितीतरी वेळा वळत असे. पुढे वरच्या भागातील कारखाने बंद पडत गेले, जहाजे कमी झाली, वळणेही कमी झाले. २०१९ च्या नोव्हेंबरनंतर यंत्रणेतील अडचणींमुळे त्याचे वळणे थांबले आणि त्यानंतर काही वर्षे तो एकदाही वळला नाही. पण त्यावरून गाड्या जातच होत्या. रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांना तर आपला पूल वळेनासा झाला आहे हे कळलेही नसेल. त्यांच्या दृष्टीने पूल उत्तम चालला होता. उलट आता मध्येच थांबावे लागत नव्हते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात वाहतूक चांगली चालू आहे. रविवारच्या तिन्ही मिस्सांना बाके भरतात. कोयरचा सराव नियमित आहे, सणाची वर्गणी वेळेवर जमते, सोडतीची तिकिटे खपतात, मंडपाचा खर्च दरवर्षी वाढतो. याबद्दल मी तुमचा ऋणी आहे आणि हे उपरोधाने लिहीत नाही. पण आपण शेवटचे वळलो कधी? आपल्या हद्दीतल्या चाळींमध्ये बाहेरगावाहून आलेली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे भाड्याने राहतात. ती मागच्या बाजूला उभी राहून मिस्सा ऐकतात आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जातात. त्यांची भाषा वेगळी, त्यांचे गाव वेगळे. आपल्यापैकी किती जणांना त्यांच्यातील एकाचे तरी नाव ठाऊक आहे? येशूच्या भोवती त्या दिवशी रेटारेटी करणारे पुष्कळ होते. स्पर्श मात्र एकीनेच केला, आणि तीही मागून, चोरून, कारण समोरून येण्याची तिला सोय नव्हती.

दुसऱ्यांचे मी सांगतो आहे तर माझेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, याच दिवसांत, एका रविवारी आठच्या मिस्सानंतर एक बाई साक्रिस्टीच्या दारात उभी होती. पाऊस पडत होता, हातात छत्री होती, आणि ती छत्री मिटावी की उघडी ठेवावी हे तिला ठरवता येत नव्हते. ‘फादर, दोन मिनिटं होती का?’ असे तिने विचारले. सणाच्या तयारीची मीटिंग सुरू व्हायची होती, माणसे जमली होती. मी म्हणालो, ‘बाई, बुधवारी ऑफिसात या.’ ती ‘बरं फादर’ म्हणाली आणि गेली. बुधवारी ती आली नाही. मीही विसरलो.

पुढे कळले ते असे. तिचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नव्हते, घराच्या वाटणीवरून. धाकटा सोमवारी जहाजावर नोकरीसाठी निघणार होता. तो जाण्यापूर्वी, रविवारी संध्याकाळी, मी घरी यावे आणि दोघांना एका टेबलाशी बसवावे, एवढेच तिला हवे होते. बुधवारचा काही उपयोगच नव्हता. मी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने चहा केला, बशीत बिस्किटे ठेवली आणि मला दोष न देता म्हणाली, ‘तुमची मीटिंग होती ना फादर.’ ते भाऊ आजही बोलत नाहीत. त्या मीटिंगमध्ये काय ठरले ते मी जुन्या वहीत काढून पाहिले. मंडपाला पडदे कोणत्या रंगाचे लावायचे, हा विषय होता.

मी यावर काही दिवस विचार केला. मला वेळ नव्हता असे नाही. पडद्यांची चर्चा माझ्यावाचूनही झाली असती. थांबलो असतो तर माझी वाट पाहणारी दहा माणसे खोळंबली असती आणि फादर उशिरा आले असे म्हणाली असती, एवढीच काय ती भीती. येशूने याईरला थांबवून ठेवले तेव्हा त्याच्या मागे मरणाची घाई उभी होती. माझ्या मागे पडदे होते.

शुभवर्तमानाचा शेवट तुम्ही आज ऐकलाच आहे. मुलगी उठली, चालू लागली, सगळे थक्क झाले. तेवढ्यात येशूने सांगितले की हिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्काराच्या गडबडीत मुलीला भूक लागली असेल हे घरच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते त्याच्या ध्यानात आले.

या रविवारपासून आठच्या मिस्सानंतर मी कोणतीही मीटिंग ठेवलेली नाही. साक्रिस्टीच्या बाजूला पागोळीखाली जो लाकडी बाक आहे, तेथे मी दहा वाजेपर्यंत बसलेला असेन. छत्री मिटून ठेवायला जागा केली आहे.

तुमचा धर्मगुरू